तळहातावरचं मत

आमच्याकडे निवडणुकीला ठरलेला ऋतू नाही. सरकार पडलं की निवडणूक, आणि सरकारं पिकल्या बोरांसारखी टपाटप पडत असतात. तरी निवडणूक म्हटलं की माझ्या मनात थंडीच येते. आमच्या डिमोना गावाची ती कोरडी, ओठ फोडणारी थंडी, वाळवंटावरून धूळ घेऊन येणारा वारा, आणि आमच्या सरकारी इमारतीच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, कुणी न विचारता फुललेलं बदामाचं झाड. त्या झाडाला काही लाजच नाही. पान एक नसतं अंगावर, आणि फुलं बघावीत तर नवरीच्या डोक्यावर असतात तितकी.

यंदा ते फुललं आणि त्याच आठवड्यात बसथांब्यावर नेत्यांचे हसरे फोटो लागले. सकाळी आईचा फोन आला.

"रूथ, इलेक्शन आलं ना गो? येताना पेन आण. बॉलपेन. निळं."

माझी आई सिप्पोराबाई आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. तिच्या घरात पेनांचा दुष्काळ नाही, पण निवडणुकीचं पेन नवं लागतं. मी हो म्हटलं, फोन ठेवला, आणि मला ती जुनी थंडी आठवली. तेव्हा दोन हजारचं दशक सरत आलं होतं, बाबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं, आणि आई आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं मत स्वतः ठरवणार होती.

पेनाची गोष्ट आधी सांगायला हवी. आम्ही मराठी ज्यू. ठाण्याहून इथे, हिब्रू बोलणाऱ्या या देशात, आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मला हिब्रू आली ती शाळेच्या मैदानात, बाबांना कापडाच्या फॅक्टरीत, आणि आईला अर्धी बाजारात, अर्धी दवाखान्यात. बोलण्यापुरती आली. वाचायची वेळ आली की ती चष्मा शोधायला लागायची, आणि चष्मा तिच्या कपाळावरच असायचा. मतदान-केंद्रात पडद्यामागे एका खोक्यात सगळ्या पक्षांच्या चिठ्ठ्या मांडलेल्या असतात, प्रत्येकीवर एक-दोन-तीन ठळक अक्षरं. आपली चिठ्ठी उचलायची, पाकिटात घालायची, बाहेर येऊन पेटीत टाकायची. आई कुठली चिठ्ठी उचलणार? बाबांनी पहिल्याच निवडणुकीला तोड काढली. सकाळी चहा झाला की ते आईचा उजवा हात आपल्या गुडघ्यावर ठेवायचे आणि तळहातावर निळ्या पेनाने आपल्या पक्षाची अक्षरं काढायचे, शांतपणे, कोरीव. आईला गुदगुल्या व्हायच्या. "हलू नको," बाबा म्हणायचे, "देशाचं काम चाललंय."

आम्ही भावंडं तो कार्यक्रम बघायला रांगेत उभी असायचो. एरवी आमच्या घरात आईबाबांनी एकमेकांचा हात धरलेला मी पाहिला नाही. दर तीन-चार वर्षांनी एकदा तो सोहळा.

बाबांचा पक्ष ठरलेला होता. आल्या आल्या त्या पक्षाच्या माणसाने त्यांना फॅक्टरीत चिकटवलं होतं, आणि बाबा खाल्ल्या मिठाला जागणारे. पुढे ती फॅक्टरी बंद पडली, तो माणूस देवाघरी गेला, बाबांचे केस पिकले, पण अक्षरं बदलली नाहीत. आईने कधी विचारलंही नाही. मूठ मिटून जायची, मूठ मिटून यायची, आणि घरी येऊन भांडी घासली की मत धुऊन जायचं.

बाबा गेले आणि आईचा तळहात मोकळ्या प्लॉटसारखा झाला. ज्याला त्याला त्यावर बांधकाम करायचं होतं. माझा धाकटा भाऊ दानी एलातच्या हॉटेलात स्वयंपाकी आहे. त्याचा फोन आला की आईची तब्येत एका वाक्यात आणि राजकारण वीस मिनिटं. "ताई, आईला सांग, या वेळी जोरदार माणूस पाहिजे. तू तिच्या हातावर लिही." मी म्हणायचे, बघू. आणि मनात म्हणायचे, लिहायचंच तर तुझं कशाला, माझं लिहीन की! मी गणिताची मास्तरीण. जगातल्या प्रत्येक गणिताचं उत्तर मला आधीच माहीत असतं असं माझ्या वर्गातली मुलं म्हणायची, आणि ते कौतुकाने म्हणत नसत. माझा पक्ष शहाण्या माणसांचा होता. आईचं एक मत त्याला मिळालं तर कुणाचं काय बिघडणार होतं? त्या दिवसांत माझ्या कोटाच्या खिशात एक निळं पेन होतं, हे आज कबूल करते.

आई मात्र गप्प होती. विचारलं तर म्हणायची, "बघू गो. तुझे बाबा असते तर सवालच नव्हता." आणि एकदा, गॅसकडे तोंड करून, "मी जायलाच पाहिजे काय? एक नाय गेली तर काय सरकार अडणार हाय?"  मत गेलं तर गेलं. पण बाबांबरोबर आईचा हातही गेला असं व्हायला नको होतं.

माझी मुलगी शिर्ली तेव्हा बेर-शेवाला विद्यापीठात शिकत होती. ती लॅपटॉप काखेत मारून घरी आली आणि कोटही न काढता म्हणाली, "सावता, तुझं मत मी शोधून देते." सावता म्हणजे आजी. शिर्ली आईशी हिब्रूतच बोलते आणि आई तिच्याशी मराठीतच. दोघींचं एकमेकींवाचून अडतं, भाषेवाचून कधीच अडलं नाही.

तेव्हा ती नवीच टूम निघाली होती. इंटरनेटवर एक प्रश्नावली यायची. तीस-एक वाक्यं. प्रत्येक वाक्याला तुम्ही पूर्ण सहमत, थोडे सहमत, काही सांगता येत नाही, थोडे असहमत की पूर्ण असहमत, ते दाबायचं. शेवटी कॉम्प्युटर सांगणार, कुठला पक्ष तुमच्या मनाच्या जवळचा. तिच्या विद्यापीठात पोरं लग्नाच्या पत्रिका जुळवाव्यात तशी एकमेकांचे निकाल जुळवत होती.

आईने साडीचा पदर नीट केला. अंगात स्वेटर, पायात मोजे, आणि कॉम्प्युटरपुढे बसायचं तर पदर नीट हवा! शिर्लीने पहिलं वाक्य वाचलं, मी मराठीत सांगितलं. सरकारने गरिबांसाठी जास्त खर्च करावा.

"बरोबर हाय," आई म्हणाली. "पूर्ण सहमत."

सरकारने कर कमी करावेत.

"ते पण बरोबर हाय. पूर्ण."

शनिवारी बस चालू ठेवाव्यात. पूर्ण सहमत. शनिवारचा शब्बाथ, कामाला न शिवायचा तो पवित्र दिवस, कडक पाळला जावा. पूर्ण सहमत. शिर्लीने दोन्ही हात डोक्याला लावले.

"सावता, तू आत्ता याच्या बरोब्बर उलटं म्हणालीस!"

"मग? एवढं कष्टानं लिहून विचारतायत. तोंडावर नाय कसं बोलायचं? आपल्या घरी येऊन कुणी काय विचारलं, तर नाय म्हणून पाठवतात काय त्याला?"

हे आमच्या माणसांचं दुखणं. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. चहा हवा का विचारलं की समोरचा तीनदा नको म्हणणार आणि आपण तीनदा आग्रह करणार, पण घरातल्या माणसाने पाहुण्याला नाही म्हटलं तर तो पाप करतो. आईच्या दृष्टीने तो कॉम्प्युटर पाहुणाच होता. तिसाव्या वाक्यापर्यंत तिने त्याला एकदाही दुखवलं नाही. निकाल आला तेव्हा सगळ्या पक्षांपुढच्या पट्ट्या जवळजवळ सारख्याच लांबीच्या होत्या.

"म्हणजे काय?" आईने विचारलं.

"म्हणजे तुझं सगळ्यांशी सारखंच जुळतं," मी म्हटलं. माझ्या आवाजात पेपर तपासतानाची धार आली असावी.

"चांगलं हाय की मग," आई म्हणाली आणि उठून चहा टाकायला गेली. मला हसावं की रडावं कळेना. शिर्ली मात्र लॅपटॉप बंद न करता गुपचूप बसून राहिली.

त्या वर्षी ‘तू बिश्वात’, म्हणजे झाडांचा सण, मतदानाच्या आदल्याच दिवशी आला होता. इतर लोक त्या दिवशी सुकामेवा खातात, रोपं लावतात. आम्ही कोकणातून आलेली माणसं मलिदा करतो. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची-जायफळ, वर फळं आणि सब्जाची हिरवी डहाळी, आणि एलियाहू पैगंबरांची प्रार्थना. आईच्या माहेराजवळ खडकावर त्यांच्या रथाची खूण आहे. आई सांगायची की इथून वर स्वर्गात जायच्या आधी ते आमच्याकडे कोकणात होऊन गेले, म्हणून आमचा नवस त्यांना चटकन ऐकू जातो.

दुपारी आईच्या घरात पाच-सहा बायका जमल्या. खाली चादर अंथरलेली, मध्ये परात, आणि आईची खवणी, जी तिने विमानात मांडीवर घेऊन आणली होती. शेजारची मिर्यम मावशी पोहे निवडत होती. हीटर लाल झालेला, खिडकीच्या काचा वाफेने धुकट, आणि घरभर वेलचीचा वास. तो वास आला की मी पन्नाशीची असले तरी मला आठवं वर्ष लागतं. मी नारळ फोडत होते. शिर्ली कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती. मला वाटलं, अभ्यास करतेय.

खोबरं खवताना बायका गप्प बसत नाहीत, आणि आई तर नाहीच. मिर्यम मावशीने बसचा विषय काढला. मग बघायला नको!

"बस बंद ठेवा शनिवारी, मी काय नाय बोलत," आई म्हणाली. खवणीवर हात सरसर चालत होता. "शब्बाथला घरी बसावं माणसानं. पण हॉस्पिटलात पडलेल्या माणसाकडे जायला एक तरी बस पाहिजे. हे शेवटले दोन महिने बेर-शेवाला होते. दर शनिवारी एकटे. त्या देवाला काय वाटलं असतं, मी बसमधून गेली असती तर?"

 तिने वाटी पालथी केली, दुसरी घेतली. मग पेन्शनवर बोलली, मग दवाखान्यातल्या रांगांवर. मग कुणीतरी म्हणालं, बाहेरून मजूर आणून भरलेत, हाकलायला पाहिजे. "का गो?" आई म्हणाली. "आपण काय आभाळातून पडलो? खालच्या मजल्यावरच्या म्हातारीला धुवायला-पुसायला ती फिलिपिनी पोर येते, तिची आई तिकडे वाट बघते ना?" चोरांना मात्र तिला कडक शिक्षा हवी होती, आणि टीव्हीवर अर्धे कपडे घालणाऱ्यांनाही. शेजाऱ्यांना जमीन देऊन तह करावा का, हा विषय निघाला तेव्हा मी नारळ खाली ठेवला. आमच्या घरात तो विषय बाबांचा होता.

"जमीन देऊन पोरं जिवंत घरी येत असली तर द्या बोलते मी," आई म्हणाली. "येत नसली तर एक वीत देऊ नका. पण विचारून तरी बघा. मी माझं गाव सोडलं ना? नारळाची झाडं सोडली, विहीर सोडली. मेली नाय मी."

हे सगळं माझ्या आईच्या पोटात होतं! तिच्या हाताला धरून मी रस्ते ओलांडले, तिच्याजवळ बसून आयुष्यभर जेवले, आणि तिला काय वाटतं हे मी कधी विचारलं नव्हतं. मला भलता आनंद झाला आणि त्याच्या मागोमाग लाजही वाटली. कोटाच्या खिशातलं पेन आठवलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून शिर्ली ओरडली, "झालं!"

ती बया अभ्यास करतच नव्हती. आजी जे जे बोलत होती ते ते ती प्रश्नावलीत भरत होती. तासाभरात तीसच्या तीस वाक्यांची उत्तरं परातीभोवतीच मिळाली होती.

आई आधी चिडली. "माझ्या तोंडून काढून घेतलंस आणि मला न विचारता लिहिलंस? ही कुठली रीत?" शिर्लीने कान पकडले. आईने खोबऱ्याचे हात पुसले, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि म्हणाली, "दाखव."

या वेळी पट्ट्या सारख्या नव्हत्या. शिर्लीने दुसरं चित्र उघडलं. मोठा चौकोन, त्यात पक्षांची नावं इकडे तिकडे, आणि मध्येच एक लाल ठिपका.

"ही तू," शिर्ली म्हणाली.

"एवढीशी?"

"सगळे एवढेसेच असतात, सावता."

आई ठिपक्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "आणि तुझे आजोबा कुठं?" शिर्लीने बाबांच्या पक्षावर बोट ठेवलं. तो वरच्या कोपऱ्यात होता. आईने एक बोट ठिपक्यावर ठेवलं, एक तिथे, आणि दोन बोटांमधलं अंतर बघितलं. स्क्रीनला खोबरं लागलं.

"इतके लांब?" ती हळूच म्हणाली. "पन्नास वर्षं एका खाटेवर झोपलो गो आम्ही."

मिर्यम मावशी फिसकन हसली, आणि मग सगळ्याच हसल्या, आईसुद्धा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण त्यातलं सगळं पाणी हसण्याचं नव्हतं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, बाबांनी त्यांचं मीठ खाल्लं होतं. तू तुला वाटेल ते कर."

"मीठ?" आई म्हणाली. "मीठ मी आणत होती दुकानातून." आणि परत खवणीवर बसली.

संध्याकाळी प्रार्थना झाली, मलिदा वाटला. आईने डोळे मिटून नवस बोलला तो नेहमीपेक्षा लांबला. सगळे गेल्यावर तिने शिर्लीला बसवलं आणि एका कागदावर सगळ्या पक्षांची अक्षरं लिहून घेतली. कुठलं कुणाचं ते विचारून घेतलं. मग कागद घेऊन पुटपुटत घरभर फिरत राहिली. परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या वर्गातली मुलं फिरतात, अगदी तशीच.

मतदानाच्या सकाळी मी पोचले तेव्हा चहा झाला होता. "पेन हाय?" तिने विचारलं. मी खिशातलं निळं पेन काढलं आणि सवयीने, खरं सांगते, सवयीनेच तिचा हात धरायला पुढे झाले. तिने पेन घेतलं, हात नाही दिला. आत गेली आणि दार लावून घेतलं. बराच वेळ लागला. बाहेर आली ती दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घालून.

शाळेपर्यंत आम्ही चालत गेलो. वारा पडला होता. उन्हात सगळा गाव सणाचे कपडे घालून निघालेला, रस्त्यात पक्षांची पोरं पत्रकं वाटत होती, शाळेच्या फाटकाशी कुणी केक विकायला मांडला होता. आईने कुणाचंही पत्रक घेतलं नाही. दोन्ही मुठी मिटलेल्या. मी म्हटलं, थंडी वाजतेय का? ती नुसती हसली. ओळखपत्रसुद्धा तिने मलाच पर्समधून काढायला लावलं आणि दोन बोटांच्या टोकांनी टेबलावरच्या बाईला दिलं.

पडद्याआड ती गेली आणि येईचना. दोन मिनिटं, चार मिनिटं. रांगेतला एक माणूस खोकला. टेबलावरची बाई म्हणाली, "सावता, सगळं ठीक ना?" आतून आईचा आवाज आला, हिब्रूत, खणखणीत, "थांबा! बोलणं चाललंय!"

सगळे हसले.  मग आई बाहेर आली, पाकीट पेटीत टाकलं, पेटीवर एकदा हलकेच थापटलं, आणि ताठ मानेने चालत माझ्यापर्यंत आली.

परत येताना बदामाच्या झाडाखालच्या बाकावर ती बसली. मी विचारलं, "आत कोणाशी बोलणं चाललं होतं?"

तिने उजवी मूठ उघडली. तळहातावर बाबांची अक्षरं होती. वाकडीतिकडी, बाळबोध, कारण ती तिने डाव्या हाताने काढली होती. पन्नास वर्षांच्या संसारात तिला पाठ झालेली तीच.

"यांना न घेता कशी जाऊ?" ती म्हणाली. "आत उभी राहिली नि दोन्ही हात उघडले. यांच्याशी भांडली थोडी. बोलली, इतके दिवस मी ऐकलं. आज तुम्ही नुसते उभे राहा."

"आणि डाव्या हातावर?"

आईने डावी मूठ उघडली नाही. "ते गुपित असतं. मास्तरीण ना तू?"

घरापर्यंत ती मूठ मिटूनच आली. ओळखीचं कुणी दिसलं की ती मिटलेली मूठच हलवायची. त्या रात्रीचे निकाल काय लागले, सरकार कुणाचं आलं, ते शोधावं लागेल, मला आठवत नाही. वरून टपटपणाऱ्या फुलांखाली चिमुकल्या पोरीसारखी मूठ मिटून बसलेली आई तेवढी आठवते. मी तिला विचारलेलं ते पहिलं गणित, ज्याचं उत्तर मला आजही माहीत नाही.

त्यानंतर किती निवडणुका झाल्या! प्रश्नावल्या आता फोनवर येतात. शिर्लीच्या मुलाला दोन वाक्यं वाचून दाखवली तर तो म्हणतो, पूर्ण सहमत, आणि चॉकलेट मागतो. आज, मतदानाच्या सकाळी, पेन घेऊन मी आईकडे पोचले तेव्हा चहा झाला होता. तिने उजवा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"बाबांची तू काढ गो. डाव्या हातानं आता जमत नाय मला. दुसऱ्या हाताचं मी बघते, तू मग बाहेर बस."

तो हात आता इतका हलका झालाय. मी हळूहळू अक्षरं काढली. तिला गुदगुल्या झाल्या. मी म्हटलं, हलू नको, देशाचं काम चाललंय. मग मला राहवेना. मी सांगितलं, "आई, बाबांचा पक्ष केव्हाच दुसऱ्यात मिसळला. या अक्षरांची चिठ्ठी आता तिथे नसतेच."

आईने तळहातावर फुंकर घातली, शाई वाळवली, आणि मूठ मिटली.

"नसू दे," ती म्हणाली. "त्यांना कुठं मत टाकायचंय? नुसतं सोबत यायचंय."